भायखळा ते हडपसर, १८९७

१० जानेवारी १८९७. तुम्ही भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात उभे आहात. सप्टेंबरात डॉ. व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला, तेव्हापासून मुंबईकर गाठोडी बांधून गावाकडे पळताहेत. इथे मात्र चंबू मांडून ठेवलेत. आतल्या मांसरसावर तुपाचे थेंब तरंगताहेत आणि त्या थेंबांना लोंबकळत प्लेगचे जंतू वाढताहेत. ओडेसात जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून आलेले वाल्डेमार हाफकीन ते जंतू तापवून मारतात आणि त्यांची लस आज स्वतःच्याच अंगात टोचून घेतात. त्यांना ताप भरतो, पण ते तरतात. प्लेगवर लस मिळाली!

आता बोरघाट चढून पुण्याला या. मार्च लागलाय. मुंढव्याहून हडपसरच्या वाटेने सावित्रीबाई फुले निघाल्यात, वय ६६. पाठीवर महारवाड्यातलं तापाने फणफणलेलं पोर. प्लेग लागेल ही भीती आणि विटाळ होईल ही समजूत, दोन्ही झुगारून त्या चालताहेत. तुम्हीही मागोमाग चला.

ससाणे मळ्यात डॉ. यशवंत फुले यांचा दवाखाना आहे. प्लेग बरा करणारं खात्रीचं औषध अजून जगात कुणाकडेच नाही. उंदरांवरच्या पिसवा हा रोग पसरवतात, हे फ्रेंच डॉक्टर सीमाँ कराचीत दाखवतील तेही पुढच्या वर्षी. इथे आहे ती शुश्रूषा, आणि एक डॉक्टर.

हा डॉक्टर आला कुठून? एका ब्राह्मण विधवेच्या पोटी. त्या काळी अशी अर्भकं जन्मताच संपवली जात. फुले दांपत्याने १८६३ मध्ये विधवांच्या बाळंतपणाची सोय केली, पुढे यशवंतला दत्तक घेतलं, शिकवून डॉक्टर केलं. इथे जरा थांबा. ज्याला जगूच द्यायचं नाही असं समाजाने ठरवलेलं होतं, तो आज इतरांना जगवतोय.

पोर वाचतं, असं चरित्रकार सांगतात. सावित्रीबाईंना मात्र प्लेग गाठतो. १० मार्चला त्या जातात. १९०५ मध्ये यशवंतही प्लेगनेच जातील. इकडे काही दिवसांतच प्लेग अधिकारी रँडचे सोल्जर पुण्यात घरोघर शिरतील, आणि लोक तपासणीच्या धास्तीने घरातली आजारी माणसं लपवतील. सरकारच्या दिमतीला डॉक्टर होते, कायदा होता, फौज होती. लोकांचा विश्वास तेवढा नव्हता.

संशोधन मोठं की समाजपरिवर्तन, असं मला कुणी विचारलं तर या मळ्याकडे बोट दाखवून मी समाजपरिवर्तन म्हणेन. लसीचं मोल मी जाणतो. हाफकीन यांच्या धाडसापुढे मी नतमस्तक आहे. पण मुंढव्याच्या त्या पोराला हात लावायला माणूस तयार झाला, तो कुठल्याही चंबूत तयार झालेला नव्हता. त्याला घडवायला फुल्यांचं सारं आयुष्य लागलं.