वेरोनिका : साक्ष नाकारलेल्या स्त्रीचे नाव

उपवासकाळात क्रुसाच्या वाटेची भक्ती करताना सहाव्या स्थानापाशी आपण वेरोनिकेचे नाव घेतो. आपल्या समाजात मुलींना हे नाव आवडीने ठेवले जाते. अर्थ विचारला तर ‘खरी प्रतिमा’ असे उत्तर बहुधा मिळते : लॅटिन ‘वेरा’ म्हणजे खरी आणि ग्रीक ‘इकोन’ म्हणजे प्रतिमा. तेराव्या शतकाच्या प्रारंभी वेल्सच्या जेराल्ड या धर्मगुरूने ही फोड लिहून ठेवली. प्रभूचे मुख उमटलेले म्हणून रोममध्ये जपलेल्या वस्त्रालाच त्या काळी ‘वेरोनिका’ म्हणत. तेव्हा ती सुचणे स्वाभाविक होते. परंतु अर्धा शब्द एका भाषेचा नि अर्धा दुसरीचा, ही जुळणी ओढूनताणून केलेली आहे.

मूळ नाव त्याहून पुष्कळ प्राचीन. ग्रीक भाषेत ‘फेरेनिके’ म्हणजे विजय घेऊन येणारी. मॅसिडोनियाच्या बोलीत त्याचे ‘बेरेनिके’ झाले. आपल्याकडची विजयाच म्हणा ना! ईजिप्तच्या ग्रीक राजघराण्यात या नावाच्या अनेक राण्या होऊन गेल्या. दुसऱ्या टॉलेमीने आपल्या आईच्या नावाने तांबड्या समुद्रावर बेरेनिके हे बंदर वसविले. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्या बंदराचा उल्लेख आहे, तसाच आपल्या वसईजवळच्या सोपाऱ्याचाही! प्रेषितांच्या कृत्यांत (२५:१३) अग्रिप्पा राजाची बहीणही याच नावाची आहे.

शुभवर्तमानांत मात्र वेरोनिका कोठेही नाही. तेथे आहे ती बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली, प्रभूच्या वस्त्राला स्पर्श करून बरी झालेली स्त्री (मार्क ५:२५-३४). तिचे नाव कोणी सांगितलेले नाही. ते दिले ‘पिलाताची कृत्ये’ या पवित्र शास्त्राबाहेरील प्राचीन ग्रंथाने. त्याच्या ग्रीक पाठात ती बेरेनिके आहे, लॅटिनमध्ये वेरोनिका. प्रसंग मोठा विलक्षण आहे. पिलातापुढे येशूचा न्यायनिवाडा चालू असताना ही स्त्री दुरून ओरडून सांगते की, त्याच्या वस्त्राच्या काठाला शिवल्याने आपण बरे झालो. त्यावर फिर्यादी पक्ष म्हणतो की, स्त्रीची साक्ष आमच्या कायद्यात ग्राह्य नाही. एका अनामिक स्त्रीला नाव मिळाले, ते तिचे म्हणणे फेटाळले जात असताना!

वधस्तंभाच्या वाटेवर मुख पुसल्याची कथा त्यानंतर कित्येक शतकांनी, मध्ययुगात आकारास आली. १९९१ साली शुभ शुक्रवारी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये शास्त्राधारित क्रुसाची वाट चालविली, तीत वेरोनिकेचे स्थान नव्हते. यावरून कोणी हे नाव केवळ कल्पित म्हणून बाजूला सारू पाहील, तर ते मला पटत नाही. न्यायासनापुढे जिचा शब्द मोजला गेला नाही, तिच्याच नावाने पुढे प्रभूचे मुख ओळखले जाऊ लागले. ही श्रद्धावंतांची स्मृती आहे, आणि ती सहजी पुसण्याजोगी नाही. परंपरागत चौदा स्थानांत सहावे स्थान आजही तिचेच आहे.