दारावरची खूण

२०२० सालचा पुनरुत्थानाचा सण आपण सर्वांनी घरच्या घरीच साजरा केला. चर्चची दारे बंद होती आणि मिस्सा मोबाइलच्या पडद्यावर ऐकावी लागत होती. त्या सणाला आठवडा उलटतो न उलटतो तोच नवी मुंबईतील आमच्या इमारतीत एका दारावर छापील कागद चिकटला. वर कुटुंबप्रमुखाचे नाव, खाली विलगीकरणाच्या आरंभाची व समाप्तीची तारीख आणि त्याखाली ठळक अक्षरांत, ‘या घरास भेट देऊ नये’. त्या घरातील बाई मुंबईच्या एका रुग्णालयात परिचारिका. आदल्या महिन्यात टाळ्या वाजवून ज्यांचे आभार मानले गेले, त्यांच्यापैकीच एक.

पुढे जे घडले ते सांगताना संकोच वाटतो, कारण त्यात आम्हीही होतो. कुणीतरी त्या कागदाचे छायाचित्र काढले. सायंकाळपर्यंत ते आमच्या सोसायटीच्याच नव्हे, शेजारच्या दोन सेक्टरांतील लोकांच्याही मोबाइलवर पोहोचले. दूधवाला पिशवी जिन्याच्या तळाशी ठेवू लागला. आम्ही त्या मजल्यावरून उतरताना श्वास रोखून धरीत होतो. बाई बऱ्या झाल्या, कागद निघाला. पण तीन आठवड्यांनी दुसऱ्या एका घरात ताप आला, तेव्हा त्या मंडळींनी चार दिवस कुणाला कळू दिले नाही. पाचव्या दिवशी त्यांच्या वडिलांना रात्री रुग्णवाहिकेतून न्यावे लागले. ते परत आले नाहीत.

तेव्हापासून दारावरच्या खुणेचा इतिहास धुंडाळावा असे मनात होते. तो फार दूर जाऊन शोधावा लागत नाही. खाडीपलीकडच्या मुंबईत सव्वाशे वर्षांपूर्वीच तो लिहिला गेला आहे आणि त्याचे पहिले पान आपल्याच समाजातील एका डॉक्टरने उघडले आहे.

गोव्यातील हडफडे गावचे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस मुंबईत वैद्यकी करीत आणि महापालिकेचे सदस्यही होते. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागातील रुग्णांना तपासताना त्यांना जे दिसले, ते त्यांनी २३ सप्टेंबरला स्थायी समितीपुढे स्पष्ट शब्दांत सांगितले: हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग आहे. मांडवी ही व्यापाराची पेठ, धान्याची गोदामे आणि बंदर जवळच. प्लेग हा शब्द उच्चारला की परदेशची बंदरे मुंबईच्या मालाला बंद होणार, हे सर्वांना ठाऊक होते. त्यामुळे काही काळ गाठीच्या तापाची गोलमोल भाषा चालू राहिली. ऑक्टोबरच्या मध्यास डॉ. हाफकिन यांनी जंतुपरीक्षेने निदानावर शिक्कामोर्तब केले. मुंबईत धोबी तलावाजवळ, मेट्रो सिनेमासमोर डॉ. व्हिएगसांचा पुतळा आहे. त्यावरून रोज हजारो लोक जातात. तो कुणाचा, हे फारच थोडे सांगू शकतील.

निदान झाले आणि सरकारी यंत्रणा जागी झाली. ६ ऑक्टोबर १८९६ रोजी आयुक्त स्नो यांनी रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा व घरे निर्जंतुक करण्याचा हुकूम काढला. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला आणि हुकूम सैल करावा लागला. मग ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. कायदा म्हणून तो अगदी त्रोटक, अवघ्या चार कलमांचा. पण त्याने दिलेल्या अधिकारांना सीमा जवळजवळ नव्हती. मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. घरोघर झडत्या सुरू झाल्या. रुग्ण रुग्णालयात, त्याच्या घरची माणसे विलगीकरणाच्या छावणीत. रुग्णाच्या सान्निध्यातील माणसे हुडकून वेगळी ठेवायची, म्हणजे ज्याला आज आपण कॉन्टॅक्ट ट्रेसिंग म्हणतो, ते बंदुकीच्या बळावर प्रथम आपल्या भागात असे अवतरले.

आणि खुणा. मनुष्यवस्तीस अयोग्य ठरलेल्या घरांच्या भिंतींवर यू. एच. एच. ही तीन रोमन अक्षरे रंगवली जात. त्या काळच्या छायाचित्रांत दारांशेजारी रंगवलेली वर्तुळेही दिसतात. इंग्रजी न येणाऱ्या कुटुंबाला त्या अक्षरांचा अर्थ कळत नसेलही, पण शेजाऱ्यांच्या नजरेतून तो निश्चित कळला असेल. परिणाम व्हायचा तोच झाला. आजारी माणसे माळ्यावर, पेट्यांच्या आड लपवली जाऊ लागली, प्रेते रात्री गुपचूप हलवली जाऊ लागली. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत आठ-साडेआठ लाखांच्या शहरातील निम्म्याजवळ लोक गाव सोडून गेले होते आणि जाताना त्यांच्यातील काही जण साथही बरोबर नेत होते. पुण्यातील जुलूम व २२ जून १८९७ रोजी रँडवर झाडल्या गेलेल्या गोळ्या सर्वांना ठाऊक आहेत. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगग्रस्तांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. एकाच शहरात, काही महिन्यांच्या अंतराने, साथीला सामोरे जाण्याच्या दोन रीती दिसल्या.

आम्हाला मात्र या कहाणीतील एक वेगळीच गोष्ट विचार करण्याजोगी वाटते. प्लेग पसरतो कसा, हे तेव्हा झडती घेणाऱ्यांनाही माहीत नव्हते. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने उंदरांवरच्या पिसवांकडे बोट दाखवले, पण विद्वानांनी ते मान्य करण्यास पुढची काही वर्षे जावी लागली. म्हणजे गाठीच्या प्लेगमध्ये धोका मुख्यतः रुग्णाच्या भावाबहिणींपासून नव्हता. तो त्या घरातच, त्याच्या जमिनीत आणि छपरात होता. सरकारने माणसांचा पाठलाग केला आणि उंदीर मोकळे राहिले. त्या काळच्या सर्व उपायांत भिंतीवरची खूणच काय ती सत्याच्या थोडी जवळ होती, कारण ती घराकडे बोट दाखवीत होती. पण तिचा उपयोग माणसांना हाकलण्यासाठी झाला. खेड्यापाड्यांतील अडाणी म्हणवणारी माणसे यापेक्षा लवकर शहाणी झाली. घरात उंदीर पडला की बिऱ्हाड गुंडाळायचे आणि गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहायचे, ही रीत महाराष्ट्रभर पसरली. आपल्यापैकी अनेकांच्या आजी-पणजीने त्या झोपड्यांच्या गोष्टी सांगितल्या असतील. तेथे संपर्कशोध नव्हता आणि कुणाच्या दारावर खूणही नव्हती, कारण सारे गावच उठून गेलेले असे.

आपल्या लोकांनी आणखी एक खूण उभी केली. वांद्रे, माझगाव, गिरगाव येथील जुन्या ईस्ट इंडियन वाड्यांत फिरताना वाटेच्या वळणावर दगडी क्रूस दिसतात. त्यांतील अनेक त्या प्लेगच्या वर्षांतले आहेत आणि काहींच्या पायथ्याशी साल कोरलेले आढळते. संध्याकाळी वाडीतील माणसे तेथे जमून रोझरीची प्रार्थना करीत. खोताची वाडीतील छोटे प्रार्थनामंदिरही १८९९ सालचे, याच आपत्तीच्या आठवणीशी जोडलेले. येथे साथ आली होती, एवढेच तो दगड सांगतो. कुणाच्या घरात आली होती, ते सांगत नाही.

पुढे शंभर वर्षांत आपण प्लेग विसरलो. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावी आणि पाठोपाठ सुरतेत प्लेगची बातमी आली तेव्हा सुरतेहून लाखो लोक पळाले, मुंबईत गाड्यांवर तपासणी बसली, आणि काही आठवड्यांत सारे निवळले. १८९७ चा तो त्रोटक कायदा मात्र पुस्तकात जसाच्या तसा होता. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने करोनासाठी तोच बाहेर काढला. त्या आठवड्यात परदेशाहून आलेल्यांच्या डाव्या हाताच्या पाठीवर, मतदानाच्या वेळी वापरतात त्या न पुसणाऱ्या शाईने, गृहविलगीकरणाचा शिक्का मारण्यास सुरुवात झाली. पूर्वी खूण भिंतीवर होती, ती आता कातडीवर आली.

या वेळी रोगाचे स्वरूप उलट होते. करोना घरात वसत नव्हता. तो श्वासावर स्वार होऊन माणसाबरोबर फिरत होता. येथे माणसांचा माग काढणे खरोखर उपयोगाचे होते. अहवाल आला की आरोग्य केंद्रातून दूरध्वनी येई: गेल्या काही दिवसांत कुणाला भेटलात, कुणाबरोबर जेवलात, कार्यालयात शेजारी कोण बसते? निकट संपर्कातील लोकांना लक्षणे नसली तरी पाचव्या ते दहाव्या दिवसात एकदा तपासायचे, असे मे २०२० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ठरवून दिले होते. वहीत नावे लिहीत उन्हातान्हात दारोदार फिरणाऱ्या आरोग्यसेविका आपण पाहिल्या आहेत. कित्येक ठिकाणी त्यांच्या अंगावर लोक धावून गेले. अखेर २२ एप्रिल २०२० रोजी वटहुकूम काढून आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संरक्षणाची तरतूद त्या जुन्या कायद्यात करावी लागली.

नवी मुंबईसारख्या शहरात हे काम अधिकच बिकट. येथील माणूस राहतो नेरूळला आणि कामाला जातो भायखळ्याला. शिवाय वाशीची कृषी उत्पन्न बाजार समिती. कांदा-बटाटा, भाजी, फळे, धान्य आणि मसाला अशा पाच बाजारांत राज्याच्या व देशाच्या कानाकोपऱ्यांतून गाड्या येतात. तेथील एका माथाडीच्या पाठीवर दिवसभरात कोणकोणत्या जिल्ह्यांतील गाड्यांचा माल चढतो, हे त्याने कसे सांगावे? गाडी निघून जाते, चालकाचे नाव कुणाला ठाऊक नसते. मे महिन्यात रुग्ण वाढत गेले तेव्हा ११ तारखेपासून आठवडाभर सगळे बाजारच बंद ठेवावे लागले. माग काढणे जेथे अशक्य झाले तेथे कुलूप हाच उपाय उरला.

अशा ठिकाणी माणसाऐवजी जागा आणि वेळ जाहीर करण्याची पद्धत जगात अन्यत्र वापरली गेली. मेलबर्न-सिडनीला असलेल्या आपल्या नातलगांनी त्या याद्या पाहिल्या आहेत: अमुक दुकान, अमुक दिवस, इतक्या वाजल्यापासून इतक्या वाजेपर्यंत, तेव्हा तेथे असाल तर चाचणी करून घ्या. नाव कुणाचेच नाही. आपल्या देशात केरळमधील पत्तनंतिट्टा जिल्ह्याच्या प्रशासनाने २०२० च्या मार्चमध्येच पहिल्या रुग्णांच्या प्रवासाचे तक्ते, ठिकाण व वेळ देऊन, नावाविना प्रसिद्ध केले होते. पण येथेही मर्यादा आहे. दक्षिण कोरियात २०१५ साली मर्सच्या साथीत सरकारने आरंभी रुग्णालयांची नावे दडवली, लोक खवळले आणि जूनमध्ये ती जाहीर करावी लागली. तो धडा घेऊन करोनाच्या वेळी त्यांनी रुग्णांच्या हालचाली इतक्या बारकाईने छापल्या की शेजारीपाजारी नावाविनाही माणूस ओळखू लागले. नंतर तेथे तपशील कमी करावे लागले.

आपल्याकडे प्रतिबंधित क्षेत्रांच्या याद्यांत इमारतीचे व सेक्टरचे नाव असे. ते आम्हाला आक्षेपार्ह वाटत नाही, कारण उद्वाहक आणि जिना सर्वांचा असतो. परंतु एका दारावरचा कागद नेमके काय साधतो? ज्यांना जपायचे ते त्या दारात येणारच नव्हते, आणि ज्यांना गाठायचे ते घरातून केव्हाच बाहेर पडून कामावर, बाजारात जाऊन आले होते. कागदाने शेजाऱ्यांना फक्त तिरस्काराचा पत्ता दिला. ९ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याचा विशिष्ट आदेश असल्याखेरीज रुग्णांच्या घराबाहेर असे कागद लावू नयेत, असा निर्णय दिला. आमच्या इमारतीतील ते वडील जाऊन तोवर सात महिने झाले होते.

२०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली तेव्हा राज्याच्या आदेशात खूण दारावरून फाटकावर गेली. पाचपेक्षा अधिक रुग्ण असलेली सोसायटी सूक्ष्म प्रतिबंधित क्षेत्र मानली जाईल, तिने प्रवेशद्वारावर तसा फलक लावावा आणि न लावल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपये दंड भरावा. आमच्याही फाटकावर फलक लागला. त्यावर नाव नव्हते, मजला नव्हता, केवळ आकडा होता, आणि तो रोज सकाळी पुसून नवा लिहिण्याचे काम पहारेकऱ्याकडे होते. सात, नऊ, पुन्हा सात. या वेळी ताप आलेली माणसे दुसऱ्याच दिवशी स्वतःहून कळवीत होती, आणि औषधे आणून देण्यास त्या परिचारिका बाईच सर्वांत आधी धावत होत्या. कोणत्या घरातले हे नऊ, असे दूध देणाऱ्या मुलाला जिन्यात थांबवून विचारणारे दोघेतिघे मात्र तेव्हाही होते.