वरंध घाट, पद्मिनी आणि ओलं फडकं

उन्हाळ्यात महाडहून वरंध घाट चढून भोरला येताना जुनी पद्मिनी मध्येच बंद पडायची. पेट्रोल असायचं, पण इंजिनच्या उष्णतेने नळीतच त्याची वाफ व्हायची. मग पंपावर ओलं फडकं टाकून बसायचं!

कुर्ल्यात बनलेली ही पेट्रोल गाडी कार्ब्युरेटरवरच जगली. 2000 च्या सुमारास धुराचे नियम कडक झाले, मारुती 800 ला एमपीएफआय आलं आणि पद्मिनी थांबली.

आज तिला इंजेक्शन बसवायचं तर टाकीपाशी सुमारे 3 बार दाबाचा इलेक्ट्रिक पंप, परतीची नळी, ऑक्सिजन सेन्सर, ईसीयू, आणि डायनमो असेल तर अल्टरनेटरसुद्धा लागतो. एवढ्या दाबाखाली पेट्रोलची वाफ सहसा होत नाही. खुशाल करा, पण कार्ब्युरेटर भंगारात देऊ नका. घाटात ईसीयू रुसला, तर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आलेला मेकॅनिक उघडणार काय?