लहान पगाराचे पहिले घर

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण सर्वजणी लहानपणापासून ऐकत आलो आहोत. लग्न चार दिवसांत उरकते. घराचे तसे नाही. महिन्याच्या ठराविक पगारावर ज्यांचा प्रपंच चालतो, त्यांनी वाण्याची उधारी, मुलांच्या वह्या-पुस्तका, दुखणेबाणे आणि माहेर-सासरचे सणवार सांभाळून घर तरी कसे करावे? आपल्या बीबीत शिक्षक, शिपाई, एस. टी. चे वाहक, दुकानातील नोकर अशी घरे पुष्कळ आहेत, आणि हा प्रश्न त्या प्रत्येक घरात रात्री जेवणे झाल्यावर निघतोच. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असे मंडळाच्या भगिनींनी सांगितले, तेव्हा याच प्रश्नाचा थोडा इतिहास मांडावा असे मनात आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठी भाषा मला येत नाही. जे वाचले आणि समजून घेतले ते सांगते.

हा प्रश्न काही आजचा नाही. शंभर वर्षांपूर्वी कोकणातून, देशावरून माणसे मुंबईला नोकरीला गेली, तेव्हा कारकुनाच्या किंवा गिरणीकामगाराच्या पगारात मालकीचे घर ही गोष्ट स्वप्नातही नव्हती. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. कोंदट, अंधाऱ्या वस्त्यांत माणसे पटापट दगावली, तेव्हा सरकारचे डोळे उघडले. पुढे १९२० नंतर सरकारने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे बी. डी. डी. चाळी बांधल्या. चाळी २०७, आणि एकेक खोली १६० चौरस फुटांची. त्यात आठ-दहा माणसे राहात. शिवाय ती खोली भाड्याची. जन्मभर भाडे भरले तरी एक वीटही आपली होत नसे.

यातून वाट काढली ती साध्या नोकरदार माणसांनीच. श्रीपाद सुब्राव तालमकी नावाचे एक गृहस्थ मुंबईत होते. त्यांनी १९०६ साली आपले गुरू शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या नावाने एक सहकारी पतपेढी काढली. गरजू माणसाला सावकाराच्या दारात जावे लागू नये हा तिचा हेतू. १९०४ चा सहकाराचा कायदा फक्त कर्ज देणाऱ्या संस्थांपुरता होता. १९१२ साली नवा कायदा आला आणि इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढता येऊ लागल्या. तालमकींनी ही संधी साधली. १९१५ साली मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. आपल्या देशातील सहकारी घरांची सुरुवात तेथून झाली असे मानतात.

तिची रीत समजून घेण्यासारखी आहे. एकट्याच्या पगाराकडे पाहून जमीन कोण देणार? म्हणून अनेकांनी मिळून संस्था केली. प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे भाग घेतले. संस्थेने जागा मिळवली, कर्ज उभारले, इमारती बांधल्या. सभासद तेथे राहायला गेले आणि दरमहा ठरलेली रक्कम भरू लागले. पैसे पूर्वीसारखे महिन्याच्या महिन्यालाच जात. फरक इतकाच की पूर्वी ते दुसऱ्याच्या तिजोरीत जात, आता सर्वांच्या सामाईक घरात जाऊ लागले. भाडेकरू तेच, आणि मालकही तेच. पगार कोणाचाही वाढला नव्हता. माणसे मात्र एकत्र आली होती.

स्वातंत्र्यानंतर ही वाट रुंद झाली. १९५२ साली भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला आणि कारखान्यातील कामगाराची म्हातारपणाची पुंजी साठू लागली. १९५६ साली केंद्र सरकारच्या नोकरांना घर बांधण्यासाठी आगाऊ रक्कम मिळू लागली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा झाला. तरी खाजगी नोकरीतल्या साध्या माणसाला घरासाठी बँक उभी करीत नसे. त्याने निवृत्तीची वाट पाहायची, आणि हाती आलेल्या पैशांत केस पांढरे झाल्यावर घर बांधायचे. १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी एच. डी. एफ. सी. ही घरकर्जाची संस्था काढली आणि पगाराच्या हप्त्यांवर कर्ज देण्याची रीत रुळू लागली. (ही संस्था २०२३ साली तिच्याच नावाच्या बँकेत विलीन झाली.) त्याच १९७७ साली मुंबईचे, विदर्भाचे अशी वेगवेगळी गृहनिर्माण मंडळे एकत्र होऊन म्हाडा अस्तित्वात आली.

आपल्यासारख्या लहान गावांत मोठ्या बँकांच्या आधी उपयोगी पडली ती पगारदारांची पतसंस्था. आमचे घरही असेच झाले. दरमहा पगारातून हप्ता कापून जाई आणि उरलेल्यात महिना काढायचा असे. पहिल्या वर्षी दोन खोल्या आणि वर पत्रे. पुढे चार वर्षांनी भिंतींना गिलावा. न्हाणीला दार लागले ते त्यानंतर. हे काही केवळ पगारावर झाले नाही. भिशीची उचल, शिवणकामाचे पैसे, एक साडी कमी, एक दागिना गहाण, असे सर्व त्या भिंतींत गेले आहे. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते खोटे नाही, आणि ते थेंब बहुतकरून बाईच्याच डब्यातून पडलेले असतात.

येथेच मला मुख्य गोष्ट सांगायची आहे. माझ्या ओळखीच्या एका भगिनीने गळ्यातले सोने मोडून प्लॉटला पैसे दिले. घरातला वडील माणूस म्हणून प्लॉट मोठ्या दिरांच्या नावावर घेतला गेला. त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. काही वर्षांनी तिचा नवरा वारला आणि तिला दोन लेकरांसह भाड्याच्या खोलीत जावे लागले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पत्नीला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा दिला आहे. पण नवऱ्याच्या नावावर काही असेल तर वाटा! सोन्याची पावती नाही, कागदावर नाव नाही. साऱ्या गल्लीला ठाऊक होते की घर तिचे आहे, पण गल्लीची साक्ष काढायला कोणी आले नाही.

याच्या उलट एक चित्र आपल्या राज्यातच पाहायला मिळते. सोलापुरात हजारो बाया घरी बसून विड्या वळतात. हजार विड्यांमागे मजुरी. तिला पगार तरी कसे म्हणावे? तंबाखूच्या वासातच स्वयंपाक, तेथेच पाळणा, आणि बहुतेकींचे घर भाड्याचे. या बायांनी कामगार पुढारी नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली स्वतःची गृहनिर्माण संस्था उभारली. ठाणे जिल्ह्यातील वारली लोकांसाठी झटलेल्या गोदूताई परुळेकर यांचे नाव त्यांनी तिला दिले. मोर्चे झाले, धरणी झाली, वर्षे गेली. अखेर सोलापूरजवळ कुंभारी येथे १०,००० घरे उभी राहिली, आणि १ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती बायांच्या स्वाधीन झाली. घराचा खर्च सुमारे ६०,००० रुपये. त्यातले २०,००० केंद्र सरकारचे, २०,००० राज्य सरकारचे आणि २०,००० त्या बाईचे स्वतःचे. संस्था महिलांची, म्हणून घरही महिलेच्या नावावर. पुढे त्याच गावी असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची रे नगर वसाहत हाती घेतली गेली. तिच्यातली १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आली.

गावदेवीच्या कारकुनांनी १९१५ साली जे केले, तेच विडी वळणाऱ्या बायांनी नव्वद वर्षांनी केले. एकटीला न झेपणारे ओझे दहा हजारजणींनी उचलले. पण त्या एक पाऊल पुढे गेल्या. घाम जिचा, नाव तिचे, हे त्यांनी कागदावर उतरवून घेतले.

आपल्याला यासाठी सोलापूरला जायला नको. नोव्हेंबर २००३ मध्ये शासनाने असे ठरवले की गावातील घरांची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करावी. ग्रामपंचायतीत नमुना ८ म्हणून घरांच्या आकारणीचे रजिस्टर असते, त्यात ही नोंद होते. मात्र ती घरपट्टीची नोंद आहे. खरी मालकी ठरते ती खरेदीखतावरून. म्हणून नवे घर किंवा प्लॉट घेताना खरेदीखतातच दोघांची नावे घालावी. घर केवळ बाईच्या नावे घेतल्यास १ एप्रिल २०२१ पासून आपल्या राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सूटही आहे. दहा लाखांच्या घराला दहा हजार रुपये वाचले, तर लहान पगाराच्या घरात ती रक्कम थोडी नव्हे.

कोणी म्हणेल, नवऱ्याचे ते माझेच, मग वेगळे नाव कशाला? संसारात संशय आणावा असे मी म्हणत नाही. ज्या घरात गोडी आहे तेथे दुसरे नाव लिहिल्याने ती उणी होत नाही, आणि ज्या घरावर उद्या संकट येईल तेथे ते नाव लेकरांच्या डोक्यावर छप्पर राखील. विश्वास मनात असावा आणि नाव कागदावर असावे.

आपल्या मंडळात आपण हळदीकुंकू करतो, भजन करतो, भिशी चालवतो. या वर्षी आणखी एक काम करावे अशी माझी नम्र सूचना आहे. एक दिवस ठरवून सर्वजणींनी मिळून ग्रामपंचायतीत जावे आणि आपापल्या घराचा उतारा पाहावा. जिला वाचता येत नसेल तिला शेजारणीने वाचून दाखवावा. जेथे एकच नाव असेल तेथे दुसरे नाव लावण्यासाठी घरच्यांशी गोडीने बोलावे आणि अर्ज करावा. एकटीला कचेरीची पायरी चढायला संकोच वाटतो. दहाजणी असल्या म्हणजे वाटत नाही.

लहान पगारात घर होते, हे आपल्या आधीच्या माणसांनी दाखवून दिले आहे. ते उभारताना आपण अर्धा भार उचललाच आहे. दारावरच्या पाटीवर नाव नसले तरी चालेल, उताऱ्यावर असावे.