शाळेतील झाडू आणि नयी तालीम

फळा पुसणे, माठ भरणे, वर्ग झाडणे ही कामे आपण शाळेची किरकोळ सोय समजतो. त्यांना शिक्षणात मानाचे स्थान देणारी योजना मात्र चांद्याच्या शेजारीच, वर्ध्याला जन्मली.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. गडचिरोलीसह अखंड असलेला चांदा जिल्हा त्या वेळी मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. परिषदेने योजना आखण्यासाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकीर हुसेन. जामियाच्या प्राथमिक शाळेतील मुले आपली बँक आणि आपले दुकान स्वतः चालवीत. हिशेबाची वही मुलाच्या हाती दिली की जबाबदारी आपोआप शिकवली जाते, हे तिथे दिसत होते.

समितीने २ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल दिला. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटे हस्तोद्योगाला! आजच्या पालकांना हे ऐकूनच घाम फुटेल. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च निघावा, असा गांधीजींचा आग्रह होता. येथे डॉक्टरसाहेबांनी परिषदेतच सावधगिरीचा इशारा दिला होता. कमाईवर फार भर दिला, तर शिक्षक गरीब मुलांना राबवून घेणारा मुकादम होईल, असा त्याचा आशय होता. माझ्या मते साऱ्या योजनेत हाच इशारा सर्वांत मोलाचा आहे. १९३८ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तानी तालीमी संघाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले.

सेवाग्रामच्या शाळेत आर्यनायकम् दांपत्याने हा विचार रोजच्या व्यवहारात आणला. मुलांची सभा आपल्यातूनच सफाईचा मंत्री, भोजनाचा मंत्री निवडी. मंत्र्याने पुढे सभेला आपल्या कामाचा जाब द्यायचा. सफाईत शौचकूपही आले. ज्या काळी ते काम एका जातीवर लादलेले होते, त्या काळी सर्वांच्या मुलांनी ते पाळीपाळीने करणे ही लहान गोष्ट नव्हती.

आपल्या जंगलपट्टीला ही रीत अगदीच परकी म्हणता येणार नाही. पलीकडच्या बस्तरमधील मुरियांच्या घोटुलवर व्हेरियर एल्विन यांचा ग्रंथ १९४७ मध्ये निघाला. घोटुलात मुलामुलींना हुद्दे असत. मुलांनी लाकडे आणायची, मुलींनी झाडलोट करायची, चुकारांना दंड. झाडू तिथेही मुलींच्याच हाती, हे नमूद केले पाहिजे.

पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) 'कार्यानुभव' सुचविला. त्याला वेळापत्रकात तासिका मिळाली, गुण मिळाले आणि गुणांसाठी बाजारातून विकत आणलेल्या वस्तूही मांडल्या जाऊ लागल्या. वर्ग झाडण्याचे काम शिपायाकडे गेले. शिपाई नसेल तिथे मुलींकडे. पाळीच्या तक्त्यावर मुलग्यांची नावे आहेत का, एवढे प्रत्येक मुख्याध्यापकाने उद्या सकाळी पाहावे.