कुलपातले श्रेय

संदेश धाडणारा व घेणारा यांनी एकच किल्ली आधी गुपचूप वाटून घेतली पाहिजे, हे गुप्तलिपीशास्त्राचे जुने गृहीत होते. ब्रिटनच्या जीसीएचक्यू या सरकारी संस्थेतील जेम्स एलिस यांनी १९७० मध्ये ते नाकारले. कुलूप जगजाहीर असावे, किल्ली घेणाऱ्यापाशीच राहावी, हे तत्त्वतः शक्य असल्याचे त्यांनी दाखविले. १९७३ मध्ये त्यांचे तरुण सहकारी क्लिफर्ड कॉक्स यांनी मूळ संख्यांच्या आधारे त्याची रीत सिद्ध केली. संस्थेने सारे गोपनीय ठेवले. १९७६-७७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी तेच स्वतंत्रपणे शोधले. कीर्ती त्यांना लाभली, आणि ती रास्तच होती. एलिस यांनी १९८७ साली लिहिलेली हकिकतही कुलपातच राहिली. नोव्हेंबर १९९७ मध्ये ते निवर्तले. डिसेंबरात ती प्रसिद्ध झाली. मित्रहो, विद्येचा इतिहास प्रकाशित पानांवरून लिहिला जातो. म्हणूनच तो नेहमी थोडा अपुरा असतो.