बुलढाणा जिल्ह्यांतील स्वस्त प्रवास आणि कमावता बाप

सनदा, महजर व जुन्या घराण्यांचीं दप्तरें यांचा संग्रह आपले वाचक आस्थेनें करितात. परंतु मुलांबाळांच्या पोटासाठीं रोज गांवाबाहेर जाणारा गृहस्थ कशानें गेला व त्यास भाडें काय पडलें, याचे कागद सहसा कोणी राखीत नाहीं. बुलढाणा जिल्ह्यापुरता हा विषय आम्ही येथें मांडीत आहों.

जिल्ह्यांत आगगाडीचा विस्तार झाला तो मुख्यत्वें कापसाच्या ओढीनें. मुंबई–नागपूर लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगांव असा घाटाखालच्या सपाटीनें गेला. खामगांवची पेठ बाजूस राहिली, तेव्हां जलंबहून सुमारें १३ किलोमीटरांचा फांटा घालण्यांत आला व १८७० सालीं खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्‌घाटनास आले. एका पेठेच्या रुईसाठीं हा सायास! घाटावरील चिखली व मेहकर यांस मात्र रूळ लाभले नाहींत. बुलढाणें तर जिल्ह्याचें ठाणें. तरी तेथील मनुष्यास राजूरचा घाट उतरून सुमारें ४५ किलोमीटरांवरील मलकापूर गांठावें लागतें.

म्हणून घाटावर खरा आधार एस. टी.चा. तिची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुणें–नगर मार्गावर धांवली. वऱ्हाड त्या वेळीं मध्यप्रांतांत असल्यानें ही व्यवस्था इकडे मागाहून आली, व १९६१ सालीं महामंडळ स्थापन झालें. त्याच्या सवलतींची यादी चाळली असतां विद्यार्थ्यांचा पास दिसतो, ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी उलटलेल्यांस मोफत प्रवास दिसतो, १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्धें तिकीट दिसतें. बाप या नात्यानें कोणासच त्यांत स्थान नाहीं. लेक, पत्नी व वृद्ध मातापिता यांच्या द्वारें जें वांचतें, तेंच त्याचें साह्य.

त्याच्या स्वतःसाठीं मासिक पास होय: २० दिवसांच्या भाड्यांत ३० दिवस प्रवास. कचेरींतील कारकुनास हा हिशेब लाभाचा. परंतु ज्यास महिन्यांत पंधराच दिवस काम मिळतें, त्या मजुरास पास घेणें म्हणजे पांच दिवसांचें भाडें अधिक भरणें, आणि तेंही आगाऊ!

मजुराकडे पाहून केलेल्या दोन तरतुदी आम्हांस विशेष वाटतात. २००९ सालीं रेल्वेनें 'इज्जत' पास काढिला. मासिक उत्पन्न १५०० रुपयांपर्यंत असलेल्या असंघटित कामगारास २५ रुपयांत १०० किलोमीटरांपर्यंत महिनाभर प्रवास, अशी ती योजना होती. दुसरी तरतूद २००५ च्या रोजगार हमी कायद्यांतील: काम ५ किलोमीटरांपलीकडे दिल्यास मजुरी दहा टक्के अधिक. पैकीं पहिली घाटाखालीं उपयोगाची. मेहकरच्या मजुरास मूळ स्टेशन गांठण्यासच एस. टी.चें पुरें भाडें मोजणें प्राप्त.

वाहकाच्या पेटींतील छिद्र पाडावयाचीं रंगीत तिकिटें यंत्रें आल्यापासून नाहींशीं झालीं आहेत. कोणाच्या संग्रहीं खामगांव, चिखली वा मेहकर आगाराचे जुने पास, तिकिटें अथवा वेळापत्रकें असल्यास त्यांच्या नकला मंडळाकडे अवश्य धाडाव्या. पासावरील पल्ला व रक्कम नीट वाचतां आली, तर कोणत्या गांवचा मनुष्य कामासाठीं किती दूर जात असे, हें त्यांवरून ठरवितां येईल.